पाऊण मिनिटाचे गाणे

रेकॉर्डी जमवणारा माणूस म्हटला की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक गृहस्थ उभा राहतो. झब्बा-लेंगा, नाकावर घसरलेला चष्मा आणि तोंडी एकच प्रश्न : "खांसाहेबांची ती भैरवी तुम्ही मूळ छापातली ऐकली आहे काय?" अशा गृहस्थांविषयी समाजाला आदर असतो. त्यांच्या घरी गेले की कपाटाला हात न लावता दुरूनच मान डोलवायची, चहा घ्यायचा आणि निघायचे, अशी एक रीतच पडून गेली आहे.

माझ्याही घरी रेकॉर्डी आहेत, एवढेच ज्यांच्या कानावर आलेले असते ते याच आदराने माझ्याकडे येतात. परवा आमच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले एक निवृत्त हेडमास्तर आले. स्थानापन्न झाले. म्हणाले, "बालगंधर्व असतीलच आपल्याकडे."

"नाहीत."

"हिराबाई?"

"त्याही नाहीत."

"निदान वसंतराव?"

मी मान हलवली. हेडमास्तरांनी कपाटाकडे पाहिले. कपाट गच्च भरलेले. "मग एवढ्या या कसल्या म्हणायच्या?"

"हार्डकोअर पंक," मी म्हणालो.

मुलीच्या बापाने मुलाला नोकरीचे विचारावे आणि मुलाने "सध्या घरीच असतो" असे सांगावे, त्यानंतर बैठकीत जी शांतता पसरते ती पसरली. पण हेडमास्तर सभ्य गृहस्थ. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "अस्सं! भजनी प्रकार आहे का काही?" मी उत्तर देणार एवढ्यात सुदैवाने चहा आला.

हार्डकोअर म्हणजे काय हे समजावून सांगणे फार कठीण. ऐकवणे सोपे, पण त्यानंतर संभाषण पुढे जात नाही. आमच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मावशींनी एकदा हट्टच धरला. मी सुई ठेवली, पाऊण मिनिट गेले, सुई उचलली. मावशी म्हणाल्या, "चालू कर ना आता गाणं." म्हटले, "संपलंसुद्धा, मावशी." मावशींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "हे बरं आहे. परवा मंडळात त्या बाईंनी नुसती आलापी तासभर केली." एवढी समजूतदार दाद मला त्याआधी आणि त्यानंतरही मिळालेली नाही.

तर वाचकहो, १९७६-७७च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक नावाचे संगीत गाजले. तीन-चार पोरे, एक गिटार, एक बेस, ढोल आणि आरडाओरडा. ते पाहता पाहता दुकानात गेले, त्याचे फाटके कपडेसुद्धा महाग विकले जाऊ लागले. मग अमेरिकेतल्या शहराशहरांतल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी ते उचलले आणि काढा आटवावा तसे आटवले. जे चार मिनिटांत म्हणायचे ते एका मिनिटात म्हणायचे, जे म्हणायचे नाही ते मुळीच म्हणायचे नाही. असे आटवून जे तळाशी उरले त्याला हार्डकोअर म्हणतात. त्याची चव काढ्यासारखीच असते, हे मी नाकारत नाही.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट घडले होते, हे मला नेहमी गमतीचे वाटते. जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास जागा. रात्रभर गाणाऱ्या माणसांना त्या तेवढ्या जागेत राग घडी करून बसवावा लागला, आणि त्यांनी तो बसवला. या अमेरिकन पोरांची अडचण निराळी. सात इंची तबकडी समोर आली आणि तिच्यावर जागाच उरू लागली! मग त्यांनी एकेका तबकडीवर आठ-आठ गाणी घातली. आठ गाणी आणि एकूण वेळ दहा मिनिटांच्या आत. आमच्या घरी कुकरच्या चार शिट्या व्हायच्या आत आख्खी रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकून, पुसून, परत कपाटात जाते.

या तबकड्यांचे वेड मला का लागले, ते सांगायचे तर वॉशिंग्टनच्या चार पोरांची गोष्ट सांगावी लागते. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की, "एकदा काय झालं" म्हटले की सौभाग्यवती स्वयंपाकघरात जाते. तुम्ही जाऊ शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

वॉशिंग्टन म्हणजे आपली दिल्ली. सरकारी कचेऱ्या, परदेशी वकिलाती आणि संध्याकाळी सामसूम. तिथे १९७९ साली शाळकरी वयाच्या चौघांनी एक बँड काढला. नाव 'टीन आयडल्स'. वर्षभर जिथे मिळेल तिथे कार्यक्रम केले आणि मिळालेले पैसे वाटून न घेता एका डब्यात टाकले. १९८०च्या अखेरीस बँड मोडला. डबा उघडला तर आत सुमारे ६०० डॉलर. आता चौघांनी दीडशे-दीडशे खिशात घालून घरी जायचे, की त्या पैशांची आपलीच एक तबकडी काढायची? ज्या बँडची तबकडी काढायची तो बँड तर मोडलेला. विकायची कोणाला? ऐकणार कोण? व्यवहार जाणणारा कोणीही माणूस हाच प्रश्न विचारील. त्या पोरांत व्यवहार जाणणारा कोणी नव्हता, ही संगीतावर झालेली मोठी कृपा.

त्यांनी १००० तबकड्या काढवल्या. कारखान्याने तबकड्या दिल्या, पण कव्हरे कशी करायची? इंग्लंडहून आलेल्या एका रेकॉर्डचे कव्हर त्यांनी उसवले, सपाट करून कागदावर ठेवले आणि पेन्सिलीने गिरवले. आपल्याकडे बायका जुना ब्लाउज उसवून त्यावर नवा बेततात, अगदी तसे. मग छापून आणलेले कागद कात्रीने कापायचे, घडी घालायची, गोंद लावायचा. एकामागून एक. पुढच्या तबकड्यांचीही अशीच हजारो कव्हरे या पोरांनी आणि त्यांच्या मित्रांनी हातांनी चिकटवली.

या उद्योगाला त्यांनी 'डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स' असे नाव दिले. डिस्कॉर्ड म्हणजे विसंवाद, बेसूर. चौघांपैकी इयन मकाय आणि जेफ नेल्सन या दोघांनी तो पुढे चालवला. पहिल्या तबकडीचे पैसे आले की त्यातून मित्रांच्या बँडची दुसरी, दुसरीच्या पैशांतून तिसरी, अशी भिशी सुरू झाली. मित्र तरी कसे! हेन्री गारफिल्ड नावाचा एक जण आईसक्रीमच्या दुकानात मॅनेजर होता. त्याच्या बँडच्या तबकडीचा खर्च त्याने पदरचा केला. हाच पुढे हेन्री रोलिन्स म्हणून प्रसिद्धीला आला. डिस्कॉर्डने कोणाशी लेखी करारमदार केले नाहीत. खर्च वजा जाता उरेल ते बँडने आणि कंपनीने वाटून घ्यायचे, किंमत होईल तितकी कमी ठेवायची. अशी पेढी सहा महिन्यांत बुडते, असे आपण म्हणू. ती चाळीस वर्षांवर चालली आहे.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र निराळी आहे. ही पोरे १९८० साली बसने कॅलिफोर्नियाला गेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'मॅबुहे गार्डन्स'मध्ये कार्यक्रम होता. तिथे दारू मिळे, आणि ही तर कायद्याने अज्ञान. मग व्यवस्थापकांनी तोड काढली : पोरांच्या हातांवर काळ्या शाईने मोठी फुली मारली. फुली दिसली की गुत्त्यावरच्या माणसाने ओळखायचे, याला दारू द्यायची नाही. पोरांना ही युक्ती एवढी पसंत पडली की परत येऊन त्यांनी आपल्या गावच्या क्लबवाल्यांना तीच सुचवली. आमच्या हातांवर फुल्या मारा, पण आम्हाला गाणे ऐकायला आत सोडा! त्या पहिल्या तबकडीच्या कव्हरावर फुल्या मारलेल्या हातांचेच चित्र आहे.

पुढच्या साली मकायच्या नव्या बँडने, 'मायनर थ्रेट'ने, 'स्ट्रेट एज' हे गाणे काढले. मावशींना ऐकवलेले पाऊण मिनिटाचे गाणे ते हेच. अर्थ थोडक्यात असा की, मी दारू पीत नाही, नशा करीत नाही, आणि त्यावाचून माझे काही अडत नाही. गाणाऱ्याने त्यातून पंथ काढायचे मनातही आणले नव्हते, तो तसे सांगत आला आहे. पण पंथ निघालाच. गावोगावची पोरे हातांवर आपण होऊन फुल्या काढू लागली. दारू नाही, सिगारेट नाही. १९८८ साली न्यूयॉर्कच्या 'यूथ ऑफ टुडे'ने मांसाहारही सोडा म्हणून गाणे केले. आता सांगा, आमच्या सोसायटीतले जे सद्गृहस्थ माझ्या कपाटाकडे संशयाने पाहतात, त्यांच्या चिरंजीवांपैकी किती जणांच्या हातांवर अशी फुली मारता येईल?

आणि हेडमास्तरांचा तो भजनाचा प्रश्न. तो वाटतो तितका वावगा नव्हता. १९६५ साली अडुसष्ट वर्षांचे एक संन्यासी 'जलदूत' नावाच्या मालवाहू बोटीतून अमेरिकेला निघाले. बोट मुंबईच्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, आणि त्यांना तिकीट दिले ते कंपनीच्या सुमती मोरारजी यांनी. हे भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद. न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांनी सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर एक दुकानाचा गाळा घेऊन तिथे कीर्तन सुरू केले. त्या गाळ्यापासून चालत काही मिनिटांवर पुढे 'सीबीजीबी' नावाचा क्लब झाला, जिथे १९८०च्या दशकात रविवारी दुपारी हार्डकोअरचे कार्यक्रम होत. दोन गल्ल्यांतली ही दोन नादवेडी मंडळे एकमेकांना भेटल्यावाचून थोडीच राहणार? 'क्रो-मॅग्ज' या बँडमधले जॉन जोसेफ आणि हार्ले फ्लॅनगन कृष्णभक्तीकडे वळले. त्यांच्या १९८६च्या तबकडीचे नाव आहे 'द एज ऑफ क्वॉरल'. म्हणजे कलहाचे युग. म्हणजे आपले कलियुग! कव्हरावर अणुस्फोटाचे चित्र. यूथ ऑफ टुडेचा गायक रे कॅपो तर त्याहून पुढे गेला. त्याने 'शेल्टर' नावाचा बँड काढून कृष्णभक्तीचीच हार्डकोअर गाणी केली. मी हे सारे हेडमास्तरांना नंतर जिन्यात सांगितले. ते म्हणाले, "तरीच!" कशावरून तरीच, ते मी विचारले नाही.

मी या नादाला लागलो तो १९८७ साली. शिक्षणासाठी मेरीलँडला होतो, वॉशिंग्टनपासून जवळच. प्रयोगशाळेतला एक सोबती एका चर्चच्या सभागृहात गाणे ऐकायला घेऊन गेला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. पोरे एकमेकांच्या अंगावर आदळत होती, मंचावरून खाली उड्या घेत होती. मारामारी चालली आहे अशी माझी खात्री झाली. एवढ्यात एक पोरगा धाडकन पडला, आणि चार हातांनी त्याला पापणी लवायच्या आत उभे केले. गोविंदाच्या थरांखाली उभा राहिलेला माणूस हे लगेच ओळखतो. मी गिरगावात वाढलेला आहे. दुसऱ्याच दिवशी जुन्या रेकॉर्डींच्या दुकानातून मी चार डॉलरला एक तबकडी घेतली. ती टीन आयडल्सची होती, त्या हजारांतली एक. तेव्हा माझ्याकडे ती वाजवायला यंत्रसुद्धा नव्हते.

यंत्र पुढे आले, आणि तबकड्याही. मुंबईच्या पावसाळ्यात त्या जगवणे म्हणजे एक व्रत आहे. आडव्या रचायच्या नाहीत, वाकतात. उभ्या ठेवायच्या, पण दाटून नाही. कव्हरांना बुरशी धरते म्हणून आषाढ ते भाद्रपद कपाटाजवळ भिजकी छत्री आणायला बंदी. आमच्या घरी लोणच्याच्या बरण्यांना आणि माझ्या तबकड्यांना सारखेच नियम लागू आहेत, आणि सौभाग्यवतीच्या मते बरण्यांना निदान चव तरी असते.

संग्राहकांच्या जगाची एक स्वतंत्र भाषा आहे. परदेशातून तबकडी मागवायची तर तिची प्रत आधी अक्षरांनी कळवतात. 'मिंट' म्हणजे नवी कोरी. 'निअर मिंट' म्हणजे जवळजवळ तशी. 'व्हेरी गुड प्लस' म्हणजे ठीक आहे. आता नुसते 'व्हेरी गुड' म्हणजे काय असेल? ओरखडे असलेली, खरखरणारी! आणि 'गुड' म्हणजे घेऊ नये अशी. स्थळाच्या जाहिरातीत 'गृहकृत्यदक्ष' आणि 'निमगोरी' वाचून जे आपण समजून घेतो, ते इथेही घ्यायचे.

मग नकली मालाची भानगड. जुन्या दुर्मिळ तबकड्यांच्या खोट्या आवृत्त्या निघतात. ओळखायच्या कशा? शेवटचे गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिथे तबकडीचा क्रमांक कोरलेला असतो, कधी एखादा मिस्कील शेराही. दिव्याखाली तिरपी धरून भिंगातून ते वाचायचे. कोरीव अक्षर हातचे आहे की नक्कल, वळण कसे आहे, सगळे पाहायचे. खोट्या कव्हरावरचा फोटो फोटोवरून घेतलेला असतो, त्यामुळे चेहऱ्यांच्या सावल्या काळ्या पडतात. मी भिंग घेऊन बसलो की सौभाग्यवती पाहुण्यांना सांगते, "पत्रिका बघताहेत."

आणि किमती! मिशिगनकडच्या 'टच अँड गो'ने १९८१ साली पहिली तबकडी काढली, 'नेक्रोज' या बँडची. किती प्रती? १००. त्यांचीच 'द फिक्स' या बँडची तबकडी निघाली २००. आज त्यातली एखादी बाजारात आली की जगभरचे प्रौढ, टक्कल पडलेले, नोकरदार लोक रात्र जागवतात. न्यूयॉर्कच्या 'जज' या बँडची कथा त्याहून चमत्कारिक. १९८९ साली त्यांनी आपली मोठी तबकडी मुद्रित केली आणि ती त्यांना स्वतःलाच आवडली नाही. सगळी पुन्हा मुद्रित करायची ठरली. पण ज्यांनी आगाऊ पैसे भरून ठेवले होते ते बिचारे केव्हाचे थांबलेले. म्हणून त्या टाकाऊ मुद्रणाच्या ११०च्या आसपास प्रती पांढऱ्या तबकडीवर काढून त्या लोकांना पाठवल्या. म्हणजे बिघडलेल्या जिलब्या गिऱ्हाइकाला फुकट द्याव्यात, तशा. त्या बिघडलेल्या जिलबीला आज हजारो डॉलर पडतात. सुधारून केलेली तबकडी कोणालाही कुठेही मिळते.

इथे मला एक गोष्ट टोचते. या पोरांनी १०० प्रती काढल्या त्या दुर्मिळ व्हाव्यात म्हणून नव्हे. जास्त काढायला पैसे नव्हते, आणि शंभराच्या वर घेणारे भेटतील अशी आशा नव्हती. त्यांचे दारिद्र्य ही आमची दौलत झाली. आज मोठ्या कंपन्या एकच तबकडी निळी, जांभळी, शेवाळी अशी पाच रंगांत काढतात आणि 'मर्यादित प्रती' म्हणून विकतात. तो ठरवून मांडलेला दुष्काळ आहे. अमेरिकेत २०२२ साली, १९८७ नंतर प्रथमच, सीडीपेक्षा तबकड्या जास्त खपल्या : सुमारे ४ कोटी १० लाख, सीडी ३ कोटी ३० लाख. याचा आनंद मला झाला असता. पण त्या लाटेत कारखान्यांसमोर रांगा लागल्या, आणि ज्या पोरांना आपल्या तीनशे तबकड्या काढायच्या होत्या ती सिनेनटासारख्या गाजलेल्या गवयांच्या मागे महिनोन् महिने उभी राहिली.

दोन वर्षांपूर्वी एका जर्मन संग्राहकाचे पत्र आले. माझ्याकडे टीन आयडल्सची ती तबकडी आहे हे त्याला कुठूनसे कळले होते. प्रत कशी आहे ते विचारून त्याने रुपयांत साठ हजार होतील अशी रक्कम कळवली. चार डॉलरचे साठ हजार! घरात त्या दिवशी मला एकदम मान आला. सौभाग्यवतीने चहाबरोबर चिवडा दिला. मी त्याला विचारले, तुम्ही ती वाजवणार का? त्याने सरळपणाने लिहिले, नाही, माझ्याकडे वाजवायची एक निराळी प्रत आहे, ही ठेवण्यासाठी.

ऐकण्यासाठी या तबकडीची गरजच नाही, हे मलाही माहीत आहे. मायनर थ्रेटची सगळी २६ गाणी १९८९ सालीच एका सीडीवर आली. आता तर फोनवर बोट ठेवले की सगळे ऐकू येते, खरखर न होता. मग मी सांभाळतो ते काय? माझ्या प्रतीच्या कव्हराला आतून एका कडेला गोंदाचा तपकिरी डाग आहे. खालच्या बाजूला कात्री थोडी तिरकी गेली आहे. कुणीतरी दमला असेल, किंवा बोलता बोलता हात हलला असेल. त्या रात्री त्या घरात किती जण बसले होते, कोण काय म्हणत होते, कोणाच्या आईने कधी जेवायला हाक मारली, हे कोठेही लिहून ठेवलेले नाही. ती तिरकी कात्री मात्र माझ्या हातात आहे. फोनमध्ये ती नाही. आणि जर्मन गृहस्थांच्या पेटीतही ती बंदच राहणार होती. मी नम्रपणे नकार कळवला. चिवडा बंद झाला.

आमची कन्या बंगळूरला असते. गणपतीत आली होती. कपाट पुसता पुसता सहज म्हणाली, "बाबा, तुमच्यानंतर यांचं काय करायचं? रागावू नका, पण मला सांगून ठेवा." यात रागावण्यासारखे काही नव्हते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे लाखेच्या तबकड्या खोलीभर होत्या. ते गेले आणि दोन महिन्यांनी मी भेटायला गेलो तर खोली रिकामी, भिंतीला नवा रंग. वजनावर गेल्या, असे वहिनी सांगत होत्या. त्यांचा दोष नव्हता. काय ठेवायचे, कोणाला द्यायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

कन्येला मी काय सांगू? विकलेस तर पैसे येतील, हे खरे. पण मग त्या एकेक करून पेट्यांत जातील. कोणाला तरी दे म्हणावे, तर ज्याला देईल तो विकणार नाही कशावरून? साठ हजार म्हणजे साठ हजार. तो पोरगा गरीब असेल तर त्याने विकूच नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

सॅन फ्रान्सिस्कोला 'मॅक्झिमम रॉकन्‌रोल' नावाचे मासिक होते. १९८२ साली निघाले, २०१९ साली छापील अंक बंद झाले. त्याचे संपादक टिम योहानन १९९८ साली वारले. जगभरची पंक पोरे आपली तबकडी या मासिकाकडे परीक्षणाला पाठवीत, आणि तिथला संग्रह वाढत वाढत हजारोंवर गेला. त्या संग्रहातल्या तबकडीची एक खूण आहे. तिच्या कव्हराच्या कडांना हिरवी चिकटपट्टी लावलेली असते. शंभरांतली एक असो की पाच हजारांतली, कडेला हिरवी पट्टी. तो फोटो प्रथम पाहिला तेव्हा माझ्या काळजाचे पाणी झाले. पैठणीच्या काठाला कोणी डांबर फासावे, तसे वाटले. पट्टी लागली की संग्राहकाच्या लेखी ती तबकडी मेली. पण मग लक्षात आले की, पेटीत ठेवायला तिला आता कोणी नेणार नाही. ती फक्त वाजवता येते.

गेल्या महिन्यात मी मंडईजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून हिरव्या चिकटपट्टीचे एक रीळ आणले आहे. पस्तीस रुपये. सौभाग्यवतीने ते पाहिले आणि कशाला आणले ते विचारले. मी सांगितले. तिने मनातल्या मनात कपाटातल्या तबकड्या मोजल्या, पस्तीस रुपयांशी ताडून पाहिल्या आणि रीळ उचलून डाळीच्या डब्यामागे ठेवले. "दिवाळी होऊ दे," एवढेच म्हणाली. कन्या भाऊबीजेला येणार आहे. रीळ कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे.